चरबी काढायची, पण कोणती?

‘व्यायाम नाही, डाएट नाही, इंच मात्र कमी’ अशा आशयाच्या पाट्या आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावीही खाली मोबाइलचे दुकान आणि वर स्लिमिंग सेंटर अशी जोडी दिसते. लग्नसराई जवळ आली की तिथली गर्दी वाढते आणि मग घराघरांत एकच चर्चा सुरू होते : ‘लायपोसक्शन बरे, की ते थंड मशिन? इंजेक्शनने विरघळते म्हणतात, ते खरे का? पोटाची चरबी काढून दुसरीकडे भरतात, ते कसे?’ फ्रीज घेताना जशी दोन कंपन्यांची तुलना करतात, तशीच ही तुलना केली जाते. किंमत किती, किती दिवसांत फरक दिसेल, दुखेल का, एवढेच प्रश्न विचारले जातात. त्यात सगळ्यांत आधी विचारायला हवा असा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. तो म्हणजे, अंगावर जी चरबी आहे ती नेमकी कुठे आहे?

पोटाची चरबी एकाच जागी नसते. एक थर त्वचेच्या लगेच खाली असतो. बसल्यावर कमरेवर वळी पडते, ती चिमटीत धरता येते, ती ही चरबी. दुसरी असते पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास. ती बाहेरून हाताला लागत नाही. उताणे झोपल्यावरही ज्यांचे पोट मडक्यासारखे घट्ट आणि वर उभे राहते, त्यांच्या पोटात या आतल्या चरबीचा वाटा मोठा असतो. मधुमेह, रक्तदाब, यकृतात साठणारी चरबी आणि हृदयविकार यांच्याशी जवळचे नाते आहे ते मुख्यतः या आतल्या चरबीचे.

आणि शरीर सुडौल करण्याची जेवढी म्हणून तंत्रे बाजारात आहेत, मग ती नळीची असोत, थंडीची असोत, लेझरची असोत की इंजेक्शनची, त्यांपैकी एकही या आतल्या चरबीपर्यंत पोचत नाही. पोचूही नये, कारण मध्ये स्नायूंची भिंत आहे आणि पलीकडे आतडी आहेत. नळी त्या भिंतीपलीकडे गेली तर त्याला उपचार म्हणत नाहीत, अपघात म्हणतात.

आपल्या लोकांसाठी हा भेद अधिकच महत्त्वाचा आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजन-उंचीच्या हिशेबात दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह. म्हणूनच आपल्याकडे कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर अशी, पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवली आहे. पोट सुटले म्हणून घाबरून जो माणूस स्लिमिंग सेंटरमध्ये जातो, त्याची काळजी पुष्कळदा रास्त असते. त्याने दार मात्र चुकीचे ठोठावलेले असते.

लायपोसक्शनपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळ्या पद्धतींची मोजमाप शेवटी त्याच्याशीच होते. त्वचेखालची चरबी खरवडून काढण्याचा जुना प्रयत्न पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात झाला. एका नर्तिकेच्या पोटऱ्या बारीक करण्यासाठी शल्यविशारद दुजारिये यांनी धारदार उपकरण वापरले. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि तो कापावा लागला. त्यानंतर पुढची कित्येक वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७० च्या दशकात इटलीतील फिशर पिता-पुत्रांनी चरबी ओढून घेण्याचे उपकरण बनवले आणि फ्रान्सचे इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरायला सुरुवात केली. धारेऐवजी बोथटपणा आला आणि रक्तवाहिन्या, नसा तुलनेने वाचू लागल्या.

खरा फरक पडला तो कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांच्या पद्धतीने. १९८० च्या दशकात त्यांनी सलाईनमध्ये भुलीचे लिडोकेन आणि थोडे अ‍ॅड्रिनलिन मिसळून ते चरबीच्या थरात भरपूर सोडायला सुरुवात केली. भाग फुगतो, टणक होतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि मग चरबी ओढली तर रक्त फार कमी जाते. त्याआधी कोरडीच चरबी ओढत, तेव्हा बाहेर आलेल्या मालात वीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत रक्त असे. नव्या पद्धतीत ते साधारण एका टक्क्यावर आले. आज लायपोसक्शन तुलनेने सुरक्षित मानले जाते त्याचे श्रेय या खारट पाण्याला आहे. जाहिरातीत मात्र नाव झळकते ते लेझरचे किंवा अल्ट्रासाउंडचे.

पण याच पाण्यात एक खुबी आहे, जी रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. चरबीत सोडलेले लिडोकेन हळूहळू रक्तात उतरते आणि त्याची रक्तातील पातळी सगळ्यांत वर जाते ती साधारण दहा ते चौदा तासांनी. म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी घरी सोडले, तर औषधाचा जोर सर्वाधिक असतो त्या वेळी रुग्ण घरी अंथरुणात असतो. वजनाच्या हिशेबाने मात्रा जपली असेल तर काही होत नाही. चार-पाच भाग एकाच दिवशी ‘पॅकेज’मध्ये उरकायचे ठरले की औषधही त्या प्रमाणात वाढते. तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, बरळणे, मग झटके आणि हृदयाची लय बिघडणे असा त्याच्या विषारीपणाचा क्रम असतो.

किती काढावे यालाही मर्यादा आहे. बाहेर आलेला एकूण द्रव पाच लिटरपेक्षा जास्त असेल तर त्याला मोठे लायपोसक्शन म्हणतात आणि असा रुग्ण त्या रात्री रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावा, असा प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांचा दंडक आहे. या पाच लिटरमध्ये सोडलेले पाणीही मोजले जाते. शुद्ध चरबी तीन लिटर निघाली तर तिचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरते. ऐंशी किलोच्या माणसाला पंच्याहत्तरवर आणण्याचा हा मार्ग नव्हे. वजन काट्यावर फारसे हलत नाही, कपड्यांचे माप बदलते. ज्याचे वजन आटोक्यात आहे, त्वचा ताणलेली नाही आणि मांड्यांवर किंवा कमरेवर हट्टी गोळा आहे, त्याच्यासाठी ही पद्धत चांगली. आकार बदलणे हे तिचे काम आहे आणि ते ती बाकी कुठल्याही मशिनपेक्षा नीट करते.

आरोग्याचे काय? याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग अमेरिकेतील सेंट लुइस येथे सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी केला. (वरचे क्लाइन वेगळे, हे वेगळे.) १५ स्थूल स्त्रिया, त्यांतल्या सात जणींना मधुमेह. प्रत्येकीच्या पोटावरून मोठ्या प्रमाणात, सुमारे दहा किलो चरबी काढली. दहा ते बारा आठवड्यांनी पाहिले तर इन्शुलिनचा परिणाम, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी कशातही सुधारणा नव्हती. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा अभ्यास छापून आला. आहार-व्यायामाने यापेक्षा कमी किलो उतरले तरी साखर सुधारते, कारण तेव्हा शरीर आतली चरबी, यकृतातली चरबी खर्च करते. नळीने काढलेली चरबी शरीराने खर्च केलेली नसते. ती नुसती उचलून नेलेली असते.

पुढचे निष्कर्ष आणखी अडचणीचे आहेत. कोलोरॅडोमध्ये स्थूल नसलेल्या ३२ स्त्रियांपैकी काहींवर मांड्या, नितंब आणि ओटीपोटाचे लायपोसक्शन केले, बाकीच्यांना थांबवून ठेवले. सहा आठवड्यांनी फरक स्पष्ट होता. वर्षभराने एकूण चरबी दोन्ही गटांत सारखीच झाली. गंमत म्हणजे मांड्यांवर ती परतली नाही, पोटावर साठली. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्याइतकीच बोलकी गोष्ट अशी की, थांबवून ठेवलेल्या स्त्रियांना हा निकाल सांगितल्यावरही निम्म्याहून अधिक जणींनी शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांना मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. मांड्या बारीक हव्या होत्या आणि त्या मिळत होत्या. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधील अभ्यासात ३६ सडपातळ स्त्रियांच्या पोटावरची थोडी चरबी काढली. सहा महिन्यांनी, व्यायाम न केलेल्या गटात पोटाच्या आतली चरबी दहा टक्क्यांनी वाढलेली आढळली. व्यायाम करणाऱ्यांत ती वाढली नाही. बाहेरची काढून आतली वाढवायची, तीही स्वतःच्या पैशाने, हा सौदा कोणालाही नको असेल. म्हणून लायपोसक्शनच्या संमतिपत्रावर नंतरच्या व्यायामाची अट ठळक अक्षरांत हवी.

असे का होते, याचा एक धागा स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या २००८ च्या संशोधनात सापडतो. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ चा माग काढून त्यांनी चरबीच्या पेशींचे वय काढले. मोठ्या माणसाच्या शरीरातील या पेशींची संख्या जवळपास स्थिर असते. दरवर्षी सुमारे दहा टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात. शरीर आपला साठा राखायला बघते. नळीला हे ठाऊक नसते.

आता मशिने. थंडीने चरबी मारण्याची कल्पना लहान मुलांच्या गालांवरून सुचली. बर्फाची कांडी चोखत बसलेल्या बाळांच्या गालातली चरबी सुजून आटते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डिटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी त्यावरून यंत्र बेतले. त्वचेतील पाण्यापेक्षा चरबी लवकर गोठते. नेमकी तेवढीच थंडी दिली तर त्वचा वाचते आणि चरबीच्या पेशी हळूहळू मरतात. शरीर दोन ते चार महिन्यांत त्यांचा निचरा करते. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कमरेच्या बाजूंसाठी या यंत्राला परवानगी दिली. यंत्राखाली आलेल्या वळीची जाडी साधारण वीस-पंचवीस टक्के कमी होते. भूल नाही, टाके नाहीत. छोट्या वळीसाठी, घाई नसलेल्या माणसासाठी हे ठीक आहे.

याचा एक विचित्र दुष्परिणाम २०१४ मध्ये नोंदवला गेला. काही जणांत गोठवलेली चरबी कमी होण्याऐवजी वाढते. यंत्राच्या आकाराचा, लोण्याच्या विटेसारखा टणक उंचवटा तयार होतो आणि तो आपोआप जात नाही, शेवटी लायपोसक्शनच करावे लागते. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये आपल्याला हेच झाल्याचे जाहीर केले, तेव्हा जगाला ते कळले. प्रकार विरळ आहे, पण पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक दिसते आणि सुरुवातीला सांगितले गेले तितका तो दुर्मीळ नाही, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. शिवाय तापमानावर नीट ताबा नसलेली स्वस्त नकली यंत्रे त्वचा जाळतात. होय, थंडीनेही त्वचा जळते.

रेडिओफ्रिक्वेन्सी, लेझर, केंद्रित अल्ट्रासाउंड यांची मशिने चरबी तापवतात. थोडा फरक पडतो, अनेक बैठका लागतात. आणि ‘इंच लॉस’? तीन दिवसांत पाच इंच कमी झाल्याचे दाखवणे फार अवघड नसते. गरम पट्टे बांधून घाम काढला, दाबाच्या पट्ट्यांनी पायातली सूज उतरवली, मीठ बंद केले आणि दुसऱ्यांदा मोजताना टेप बोटभर खाली धरला, की झाले. घरी येऊन दोन दिवस नीट जेवले की इंच परत येतात.

इंजेक्शनचा प्रकार वेगळा आहे. डीऑक्सिकोलिक आम्ल हा आपल्या पित्तातलाच घटक, जेवणातली चरबी फोडणारा. त्याचे शुद्ध इंजेक्शन २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही फक्त हनुवटीखालच्या लोंबत्या चरबीसाठी. सूज आठवडाभर राहते, ओठांचा कोपरा हलवणाऱ्या नसेला इजा झाली तर हसू काही काळ वाकडे होते. नेमक्या जागी, नेमक्या हाताने दिले तर काम करते. पोटावर, दंडावर, मांडीवर ‘फॅट डिझॉल्व्हिंग’ म्हणून जी मिश्रणे टोचली जातात, त्यांच्याविषयी याच प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला : व्रण, जंतुसंसर्ग, गाठी. बाटलीवर काय लिहिले आहे आणि बाटलीत काय आहे, हे टोचणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसते.

बाळंतपणानंतरच्या पोटाचा प्रश्न यात उगीच भरडला जातो. दोन-तीन बाळंतपणांनंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकतात, त्वचा सैल होऊन लोंबते. अशी स्त्री रोज तासभर चालते, भात सोडते, तरी पोट तसेच. घरातले म्हणतात, ‘तुझेच काही तरी चुकत असेल.’ तिचे काही चुकत नसते. फाकलेले स्नायू व्यायामाने काही अंशी सुधारतात, लोंबणारी त्वचा सुधारत नाही. इथे लायपोसक्शन केले तर पिशवी रिकामी होऊन आणखीच लोंबेल, आणि मशिन तर निरुपयोगीच. उपाय आहे तो अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी. दोन्ही कमरांपर्यंत जाणारा छेद, जादा त्वचा-चरबी कापून काढणे, स्नायू टाक्यांनी जवळ आणणे आणि बेंबी नव्या जागी बसवणे. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. कायमचा व्रण राहतो, दोन-तीन आठवडे कामावर जाता येत नाही, पाणी साचू शकते आणि पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सौंदर्य शस्त्रक्रियांमध्ये इथे बराच वर असतो. कुटुंब पूर्ण झाल्यावरच करावी. पण योग्य रुग्णात तिचे फळ खरे असते आणि पाठदुखीही कमी होऊ शकते. किमती ऐकून मशिनकडे वळणाऱ्या अनेक स्त्रियांचे पैसे बुडतात ते इथेच.

चरबी एका जागेहून काढून दुसरीकडे भरणे ही कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी दंडाची चरबी चेहऱ्यावरच्या खळग्यात भरली होती. अलीकडच्या काळात न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती थेंबाथेंबाने, पातळ थरात भरण्याची शिस्त घालून दिली. कारण साधे आहे. भरलेल्या चरबीला नव्या जागी रक्तपुरवठा मिळायला हवा. थेंब लहान असेल तर आजूबाजूने रक्तवाहिन्या येतात. मोठा गोळा टाकला तर मधला भाग मरतो, त्याच्या तेलाच्या गाठी होतात, चुना साचतो आणि स्तनात भरली असेल तर पुढे मॅमोग्राफीत संशयाचे घर होते. भरलेल्यापैकी किती टिकेल हे आधी सांगता येत नाही. बराच भाग शरीर शोषून घेते. टिकलेली चरबी मात्र आपला मूळ स्वभाव विसरत नाही. पोटातून गालात आलेली चरबी, माणूस जाड झाला की पोटासारखी वाढते!

याच तंत्राने किती तरी चेहरे परत माणसांत आणले आहेत. भाजल्याचे आखडलेले व्रण, कर्करोगानंतर पुन्हा घडवलेला स्तन, एकीकडून आटत गेलेला चेहरा. एचआयव्हीच्या उपचारांत पूर्वी स्टॅव्ह्युडीन हे औषध सर्रास दिले जाई. त्याने गालांची चरबी आटे आणि चेहऱ्यावरूनच शेजाऱ्यांना रोग कळे. त्या रुग्णाच्या गालात चार-पाच मिलिलिटर चरबी भरणे याला कोणी चैन म्हणणार नाही. लायपोसक्शनचेही तसेच. लिपीडिमा या आजारात स्त्रियांच्या पायांत दुखरी चरबी साठते, उपाशी राहिले तरी हटत नाही, तिथे लायपोसक्शन हा उपचार आहे. तरुण मुलांच्या वाढलेल्या स्तनांसाठीही नळी आणि छोट्या छेदाने गाठ काढणे उपयोगी पडते. मात्र आधी जिममधली स्टिरॉइड्स, इतर औषधे, यकृत आणि वृषण यांची तपासणी झालेली हवी. कापडाखाली छाती लपवत पोहायचे टाळणारा मुलगा हौसेने आलेला नसतो.

सगळ्यांत धोकादायक मात्र याच घराण्यातली एक शस्त्रक्रिया आहे. पोट-कमरेची चरबी काढून नितंबांत भरायची, जिला ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’ म्हणतात. समाजमाध्यमांनी तिला जगभर नेले. नितंबांच्या स्नायूंत मोठ्या शिरा असतात. चरबी भरणारी नळी स्नायूत गेली आणि शीर फाटली, तर दाबाखाली असलेली चरबी थेट शिरेत घुसते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूत आणि फुप्फुसांत. माणूस टेबलावरच किंवा काही तासांत दगावतो आणि अशा वेळी करण्यासारखे फार थोडे उरते. २०१७ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्याच एका जागतिक पाहणीने सुमारे तीन हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू असा अंदाज मांडला. कुठल्याही सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी हा आकडा भयंकर आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सौंदर्य शल्यविशारदांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया करू नका असे सांगितले. पुढे फक्त त्वचेखालच्या थरात, सोनोग्राफीने नळीचे टोक पाहत भरण्याला तिने मुभा दिली. फ्लोरिडात मृत्यू वाढले तेव्हा तिथल्या राज्याने सोनोग्राफी सक्तीची केली आणि एका सर्जनने दिवसात अशा तीनपेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत, असे २०२२ मध्ये बजावले. दिवसाला तीन! आधी किती होत असतील, याची कल्पना यावरून यावी.

आपल्याकडे असा काटेकोरपणा दिसत नाही. मे २०२२ मध्ये बंगळूरुमध्ये २१ वर्षांच्या एका कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, तेव्हा चार दिवस वाहिन्यांवर चर्चा झाली. अशा शस्त्रक्रियांच्या गुंतागुंतींची सक्तीची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे नाही. त्यामुळे दर हजारी किती बिघडतात, हे कोणी विचारले तर जाहिरातदार सांगेल तोच आकडा. केशरोपणाबाबत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये यूट्यूबवर बघून शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असे लिहून दिले. ते लिहावे लागले, यातच परिस्थिती आली. चरबीच्या शस्त्रक्रियांनाही तसे स्पष्ट नियम हवेत : कोण करू शकेल, कुठे करू शकेल, किती लिटरनंतर रात्रभर मुक्काम सक्तीचा. लायपोसक्शनमधल्या मृत्यूंचा एक जुना अमेरिकी अंदाज पाच हजारांत एक असा होता आणि त्यात पहिले कारण होते फुप्फुसात गेलेली गुठळी. गुठळी टाळता येते. त्यासाठी रुग्ण कोण निवडतो, भूल कोण देतो आणि रात्री कोण बघतो, यांना मशिनच्या नावापेक्षा जास्त महत्त्व आहे.

पैशाच्या बाजूनेही हे समजून घ्यायला हवे. आरोग्य विम्यातून सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. त्यामुळे ईएमआयवर पॅकेज घेतले आणि पुढे बिघाड झाला, तर अतिदक्षता विभागाचा खर्चही बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून जातो. ज्या केंद्राने पॅकेज विकले तिथे व्हेंटिलेटर नसतो. मग रुग्णवाहिका मोठ्या रुग्णालयाचा, पुष्कळदा सरकारी रुग्णालयाचा रस्ता धरते, आणि सोबतच्या कागदावर काय केले, किती औषध दिले, याची धड नोंदही नसते. पहिला अर्धा तास त्याच शोधात जातो.

२०२५ मध्ये वजन कमी करणारी नवी इंजेक्शने भारतात आल्यापासून तुलनेत आणखी एक नाव जोडले गेले आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही औषधे भूक कमी करतात, आणि वजनाबरोबर पोटाच्या आतली चरबीही उतरवतात. नळीला जे जमत नाही ते त्यांना जमते. बदल्यात मळमळ, स्नायूंची झीज आणि औषध थांबवल्यावर वजन परतणे. ज्याला मधुमेह आहे आणि पोट मडक्यासारखे आहे, त्याचे काम फिजिशियनकडे आहे. औषध हवे की नको, हे तिथे ठरेल. ज्याची साखर-रक्तदाब ठीक आहे आणि कमरेवरची वळी तेवढी सलते, त्याने प्लास्टिक सर्जनकडे जावे. दोघांनी एकमेकांची रांग धरली तर दोघेही निराश होतात.

सर्जनकडे गेल्यावर फोटोंचा अल्बम बघत बसण्यापेक्षा काही रुक्ष प्रश्न विचारावेत. पदवी प्लास्टिक सर्जरीची आहे का आणि नोंदणी क्रमांक काय. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ खोलीत असेल का. लिडोकेन वजनाप्रमाणे किती देणार. एका दिवसात एकूण किती लिटर काढणार. माझ्या पायांत गुठळी होऊ नये म्हणून काय करणार. चरबी भरणार असाल तर कुठल्या थरात आणि सोनोग्राफीखाली का. जो सर्जन या प्रश्नांवर चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, पूर्वीची गुठळी, रक्त पातळ करणारी औषधे हे न विचारताही सांगावे. लग्न तीन आठवड्यांवर असेल तर काहीच करून घेऊ नये. लायपोसक्शननंतरची सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात, सुरुवातीचे काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो आणि शालू त्याच्यावरच नेसावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन दिवस घरातल्या कोणी तरी जागे राहायला हवे. धाप लागणे, छातीत दुखणे, बोलणे असंबद्ध होणे, अंगावर लाल बारीक ठिपके, एका पोटरीला सूज, लघवी कमी होणे, जखमेच्या मानाने फारच जास्त दुखणे किंवा त्वचा काळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘सकाळी फोन करू’ म्हणू नये. त्या रात्रीच, त्याच कागदांसह, अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे आणि दारातच सांगावे की चरबीची शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक वाजता. लाजेपायी हे लपवले जाते, आणि मग डॉक्टर न्यूमोनिया शोधत बसतात.